कूलिंग टॉवरवर चढण्याआधी वही उघडा

जुलैची झिमझिम चालू होती. नव्यानं लागलेल्या इंजिनिअर पोराचा फोन आला, "मामा, टॉवर बिघडलाय. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना २८चं पाणी द्यायचा. आता बाहेर २९ हाय अन् पाणी ३१च्या खाली येईना. पंखा खोलू का?"

मी विचारलं, "घरी कूलर हाय का?"

"हाय की."

"मग आज रात्री लावून बघ. खोली गार झाली तर खुशाल पंखा खोल."

लातूरच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. मे महिन्याच्या कोरड्या वाऱ्यात कूलर गारठवतो, पाऊस लागला की तोच कूलर अंग चिकट करून सोडतो. कूलिंग टॉवर म्हणजे कारखान्यातलं तापलेलं पाणी गार करणारा दोन मजली कूलर. पाण्याचा थोडा भाग वाफ होऊन उडतो आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातो. हवा आधीच ओलीनं भरलेली असली तर वाफेला जागा राहत नाही. म्हणून टॉवरची तब्येत बघायला भिंतीवरचा पारा उपयोगाचा नाही, ओला पारा, म्हणजे ओल्या चिंधीतल्या थर्मामीटरचा आकडा लागतो.

मी सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये युटिलिटी, म्हणजे पाणी-वाफेची यंत्रं बघतो. आधी वाळूजला फिटर होतो, मग गावाकडं आलो. आमचा टॉवर ताशी ३०० घनमीटर पाणी फिरवतो. एफआरपीचं (फायबरचं) अंग, डोक्यावर पंखा, पाणी वरून खाली आणि हवा खालून वर. सोयाबीनमधलं तेल हेक्झेन या सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे द्रावकात विरघळवून काढतात; मग हेक्झेनची वाफ कंडेन्सरमध्ये, गार पाण्याच्या नळ्यांवर, पुन्हा द्रव करायची असते. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं. पाणी दोन अंश गरम आलं की सगळी वाफ जमत नाही, उरलेली बाहेर जाते आणि महिनाअखेरीला मालक सॉल्व्हंटचा हिशोब घेऊन बसतात. तुमच्याकडं साखर असेल, जालन्यासारखी पोलादाची भट्टी असेल किंवा नुसता मोठा एसी असेल, टॉवर तपासायची रीत फारशी बदलत नाही.

ओला पारा मोजायला महाग यंत्र लागत नाही. काचेचे दोन सारखे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला जुन्या धोतराची पातळ चिंधी गुंडाळा आणि ती चांगल्या पाण्यानं भिजवा. सावलीत, टॉवर जिथून हवा ओढतो त्या लूव्हरसमोर दोन-तीन मिनिटं धरा. वारा कमी वाटला तर टेबलफॅनसमोर धरा. ओला पारा उतरून जिथं थांबेल तो आकडा खरा. मे महिन्यात आमच्याकडं तो २३च्या आसपास असतो, जुलैत २७ला पोचतो. टॉवरचं थंड पाणी आणि ओला पारा यांच्यातल्या फरकाला अप्रोच म्हणतात. गरम पाणी आणि थंड पाणी यांच्यातला फरक म्हणजे रेंज. त्या पोराचा जुलैतला अप्रोच ४ होता आणि मेमधला ५. ओला पारा खाली असला की अप्रोच थोडा वाढतोच, तो दोष नव्हे. टॉवर ठणठणीत होता.

आता वहीचं. दर शिफ्टला आठ आकडे: गरम पाणी, थंड पाणी, ओला पारा, पंख्याचे अँपिअर, पंपाचा दाब, मेकअप मीटर (भरणीच्या पाण्याचं मीटर), टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), पीएच. वरवर बघणाऱ्याला हे कारकुनी काम वाटतं. पण लोड (टॉवरवरचा उष्णतेचा भार) तोच असताना रेंज वाढली तर पाणी कमी फिरायलंय, म्हणजे पंप किंवा गाळणी बघा. रेंज तीच आणि अप्रोच महिन्या-महिन्यानं चढत गेला तर टॉवरमध्ये दोष: हवा कमी, पाणी नीट पसरेना किंवा फिल (पाणी पसरवणारे आतले पीव्हीसीचे पत्रे) चोंदली. थंड पाणी ठीक आणि तरी कंडेन्सर तापतोय, तर टॉवरला शिव्या देऊ नका, कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार बसलाय. आमच्या टॉवरचा पावसाळ्यातला अप्रोच ६ झाला की मी शोधाशोध सुरू करतो, ७ला शटडाउन मागतो. हे आकडे माझ्या टॉवरचे आहेत. तुमचे, टॉवर नवा किंवा नुकता धुतलेला असताना लिहून ठेवा.

वर चढण्याआधी एक सांगतो. वाळूजला होतो तेव्हा पंख्याचे बोल्ट आवळायला वर गेलो. स्विच बंद केला होता, फ्यूज काढून खिशात टाकले होते, पॅनलला पाटी लावली होती. सगळं केलं होतं. मे महिन्यातली दुपार, वावटळ आली आणि बंद पंखा उलटा फिरायला लागला. पातं खांद्याला लागलं. पंधरा दिवस हात वर जात नव्हता, डोक्याला लागलं असतं तर आज हे लिहिलं नसतं. तेव्हापासून नियम असा: वीज तोडायची, कुलूप लावायचं, किल्ली वर चढणाऱ्याच्या खिशात ठेवायची, आणि वर गेल्यावर पहिल्यांदा पातं दोरीनं कठड्याला बांधायचं. मगच पाना काढायचा. खाली यायच्या वेळी दोरी सोडायची आठवण राहावी म्हणून मी तिचं दुसरं टोक हत्यारांच्या पिशवीला बांधतो.

चढायच्या आधी एक फेरी जमिनीवरून मारा, चालू टॉवरभोवती. पार्किंगमधल्या मोटरसायकलींच्या सीटवर पांढरे ठिपके दिसतायत का? दिसले तर टॉवरमधून पाण्याचे थेंब उडायलेत, म्हणजे थेंब अडवणाऱ्या ड्रिफ्ट एलिमिनेटरचा एखादा तुकडा सरकलाय किंवा तुटलाय. आमच्याकडं ही तक्रार आधी अकाउंट्सच्या साहेबांनी केली, कारण गाडी त्यांची नवी होती. लूव्हरमधून पाणी बाहेर सांडतंय का, एका बाजूला जास्त आणि दुसरीकडं कोरडं आहे का, तेही बघा. लूव्हरला काय चिकटलंय ते हातानं काढून बघा. आमच्या शेजारी जिनिंग आहे. हंगामात कापसाचा तूस जाळीवर गोधडीसारखा बसतो आणि पंखा हवेसाठी तडफडतो. आठवड्याला झाडू मारला की झालं, पण मारायला कुणीतरी लागतं. टॉवरच्या अंगाला लागून नवी शेड किंवा भिंत उभी राहिली असेल तर तीही लिहून ठेवा. वरून सुटलेली दमट हवा भिंतीला थटून खालून परत आत जाते. तेव्हा लूव्हरसमोरचा ओला पारा आणि मोकळ्या मैदानातला ओला पारा वेगळे येतात. दोन्हीकडं मोजलं की लगेच कळतं.

पंख्याजवळ आधी कान द्या. घरघर वेगळी, खणखण वेगळी. बेल्टचा टॉवर असेल तर चुंई-चुंई ऐकू आली की बेल्ट सैल, आणि बेल्ट बदलायचे तर पूर्ण संच बदला. एक नवा आणि दोन जुने लावले की सगळा भार नव्यावर येतो. गिअरबॉक्स असेल तर पंखा थांबवल्यावर वीस मिनिटांनी ऑईलची पातळी बघा. चालू असताना दिसते ती खोटी. ऑईल ताकासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी शिरलंय. सील बघा आणि ब्रीदर (हवा आत-बाहेर जायचं भोक) बघा. ब्रीदर चोंदला तर गिअरबॉक्स थंड होताना श्वास सीलमधून घेतो आणि बाहेरची वाफ आत ओढतो. नुसतं ऑईल बदलून उपयोग नाही, दोन महिन्यांनी पुन्हा ताक. ड्रेन प्लगला चुंबक असला तर त्यावरचा चुरा बोटावर घासा. पिठासारखा असेल तर चालायचंच, कण टोचले तर दातांचं काम निघालंय.

पात्यांचा कोन सगळ्यांचा सारखा हवा, अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको. पात्याच्या टोकाचं आणि घेराचं अंतर चारी दिशांना मोजा. आणि मोटर रिवाइंडिंगहून परत आली की पंखा कोणत्या दिशेनं फिरतोय ते बघितल्याशिवाय खाली उतरू नका. एकदा दोन फेज उलटे जोडले गेले आणि आमचा पंखा दिवसभर हवा खाली ढकलत होता. अँपिअर दिसत होते, आवाज येत होता, सगळ्यांना वाटलं टॉवर चालू आहे.

फिलमध्ये मात्र वेळ घाला. टॉवर गार करतो तो इथंच. वरून पाणी सोडून नोझलखाली बघा. प्रत्येक नोझलची छत्री पूर्ण उघडली पाहिजे. जिथं छत्री नाही तिथं खालची फिल कोरडी राहते, कोरड्या जागेतून हवा सहज निघून जाते आणि ओल्या जागेला कमी मिळते. म्हणजे दहा नोझल बंद असली तर नुकसान दहाचं नाही, जास्त आहे. नोझलमधून आमच्याकडं काय काय निघालंय: सोयाबीनची टरफलं, फिलचेच तुकडे, पॉलिथिन, एकदा कुणाची तरी चुन्याची डबी. कोरड्या जागा पांढऱ्या पडतात, लांबूनही ओळखू येतात.

नवीन फिल बसवली तेव्हा मी कोपऱ्यातल्या एका ब्लॉकवर ऑईलपेंटनं खूण करून त्याचं वजन लिहिलं. सहा महिन्यांनी तोच ब्लॉक काढतो, अर्धा तास निथळत ठेवतो आणि पोती तोलायच्या काट्यावर ठेवतो. वजन दीडपट झालं की स्वच्छतेची तारीख ठरवतो. दुप्पट व्हायची वाट बघितली तर ब्लॉक खालच्या आधारासकट बसतात. थर कशाचा ते कळायला एक तुकडा काचेच्या वाटीत ठेवून पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडचे दोन थेंब टाका. पातळ करताना पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी नको. हातमोजे आणि चष्मा घाला. फसफसलं तर चुनखडी, ती सौम्य ॲसिडनं उतरते. ढिम्म राहिलं तर बहुधा सिलिका किंवा जिप्सम. सिलिका बसली असेल तर ती फिल गेली असं समजा. तारेच्या ब्रशनं खरवडू नका, पीव्हीसीचा पत्रा फाटतो आणि त्याचे तुकडे पुन्हा नोझलमध्येच जातात.

पीव्हीसी फिलला ५५ अंशांच्या वर पाणी सोसत नाही. एका हंगामात गाळणी चोंदली, पाणी कमी फिरलं आणि परतीचं पाणी ६३ला गेलं. रात्रपाळीला कुणी रेंज बघितली नाही. सकाळी फिल ओल्या पापडासारखी लोंबत होती. त्या रात्रीच्या पानावर आठही रकान्यांत आधीच्या शिफ्टचे आकडे उतरवलेले होते.

बेसिनचं, म्हणजे टॉवरखालच्या हौदाचं काम घाणेरडं असतं, म्हणून ते सगळे टाळतात. आमच्याकडं सोयाबीनची धूळ टॉवरमध्ये ओढली जाते, आणि ती धूळ म्हणजे जिवाणूंना पंगतच. पाण्याखालच्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर क्लोरीन कमी पडायलंय, तपासणीच्या पट्टीवर आकडा काही येवो. हिरवं शेवाळ वर ऊन लागतं तिथं दिसतं. ते झाकलं की कमी होतं. बुळबुळ मात्र अंधारात वाढते, आणि तिच्याखाली लोखंड कुजतं. आम्ही वर्षातून एकदा, नवीन सोयाबीन यायच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात बेसिन पूर्ण रिकामं करतो.

आत उतरणाऱ्या प्रत्येकाला एन ९५ मास्क द्या, रुमाल चालणार नाही. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचा मेळावा होता, तिथं न्यूमोनियासारख्या आजारानं माणसं दगावली. त्या जिवाणूचं नाव पुढं लिजिओनेला पडलं. तो २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, म्हणजे आपलं बेसिन त्याच्या घरचंच. आजार पाणी पिऊन होत नाही, बारीक तुषार श्वासात गेले की होतो. प्रेशर जेटनं बेसिन धुणारा पोरगा नेमका त्या तुषारात उभा असतो. टॉवर चार-सहा दिवस बंद पडून राहिला असेल तर लगेच पंखा लावू नका. पंखा बंद ठेवून पाणी फिरवा, मोकळा क्लोरीन ५ पीपीएमवर (लिटरला ५ मिलिग्रॅम) नेऊन पाच-सहा तास ठेवा, आणि मग सुरू करा. स्टँडबाय पंपाच्या लाइनमध्ये साचलेलं पाणीही त्या वेळी फिरवून घ्या.

बेसिनची पातळी राखणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हकडं कुणाचं लक्ष नसतं. वेळअमावस्येला आमचा अर्धा कारखाना शेतात असतो. आंबील आणि भज्जी सोडून मशीनजवळ कोण थांबणार, मीही थांबत नाही. अशाच एका वेळअमावस्येला फ्लोटचा दांडा अडकून उघडा राहिला. तापमान छान, आवाज छान, आणि पाणी ओव्हरफ्लोमधून दिवसभर मागच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी वहीत मेकअप मीटर रोजच्यापेक्षा ६० घनमीटर पुढं आणि टीडीएस निम्मा. टाकलेलं सगळं केमिकल वाहून गेलं होतं. शेजारच्या ज्वारीला त्या थंडीत फुकटचं पाणी मिळालं. शेतकरी खूश होता, पण टॉवरचं पाणी खारं असतं, रोज शेतात सोडायचं नसतं, हे त्याला समजावून आलो.

आता पाण्याचा हिशोब. मराठवाड्यात टॉवर सांभाळणं म्हणजे निम्मं हेच काम. उडणाऱ्या पाण्याचं ढोबळ सूत्र: फिरणारं पाणी गुणिले रेंज गुणिले ०.००१५३. आमचं ३०० गुणिले ६ गुणिले ०.००१५३, म्हणजे ताशी २.७५ घनमीटर, दिवसाला ६६ घनमीटर पाणी हवेत उडतं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागं राहतात. म्हणून थोडं खारं पाणी काढून टाकावं लागतं, तेच ब्लोडाउन. फिरणाऱ्या पाण्याचा टीडीएस भागिले भरणीच्या पाण्याचा टीडीएस, याला सायकल म्हणतात. उडणारं पाणी भागिले (सायकल वजा एक), म्हणजे ब्लोडाउन. सायकल २ ठेवली तर दिवसाला १३२ घनमीटर भरावं लागतं. ४ ठेवली तर ८८. चव्वेचाळीस हजार लिटर वाचले, म्हणजे मोठे चार टँकर. पण पुढं ४ची ६ केली तर आणखी फक्त नऊ घनमीटर वाचतात आणि फिलवर क्षार बसायची भीती दुणावते. त्या नवासाठी मी जीव टाकत नाही.

२०१६च्या एप्रिलात मांजरा धरण आटलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमचा प्लांट तेव्हा बंदच होता. मी स्टेशनाकडून घरी आलो आणि वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं: एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे आमचा टॉवर चालू असता तर रोज सव्वा वाघिणीहून जास्त नुसतं हवेत सोडत असता. तोपर्यंत ब्लोडाउनचा व्हॉल्व्ह आम्ही अंदाजानं उघडायचो. ते पान मालकांना दाखवलं. मेकअप मीटर आणि पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर त्यानंतर आले.

आमच्या बोअरचा टीडीएस ९००च्या पुढं आणि कठीणपणाही तसाच, काळ्या खडकातलं पाणी. त्यावर सॉफ्टनरशिवाय सायकल दोन-अडीचच्या वर नेता येत नाही. धरणाचं पाणी मिळालं तर चार सहज. टँकरवर चालायची वेळ आली तर प्रत्येक टँकरचा टीडीएस उतरवण्याआधी मोजा. सकाळचा टँकर एका विहिरीचा, संध्याकाळचा दुसऱ्या. भरणीचा आकडाच हलला तर सायकलचा आकडा थापा मारतो.

क्लोरीन आणि पीएच एकत्र बघा. पीएच साडेसातला क्लोरीनचा साधारण निम्मा भाग कामाचा असतो, साडेआठला जेमतेम दहावा. आमचं पाणी साडेआठकडं ओढ घेतं, म्हणून तिथं नुसता क्लोरीन ओतत राहणं म्हणजे पैसे ओतणं. ब्रोमीनवालं औषध तिथं बरं चालतं, आणि मध्येमध्ये वेगळ्या जातीचं जंतुनाशक आलटून पालटून द्यावं. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि ॲसिड यांचे ड्रम शेजारी ठेवू नका, माप एक वापरू नका, फनेलसुद्धा एक नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडं हायपोचं माप निळं आणि ॲसिडचं लाल आहे, आणि दोन्ही साखळीनं आपापल्या भिंतीला बांधलेली आहेत.

सॉल्व्हंट प्लांटवाल्यांसाठी आणखी एक. परतीच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास आला तर कंडेन्सरची नळी फुटलीय. प्लांट चालू असताना बहुतेक पाण्याचा दाब जास्त असतो, म्हणून पाणी सॉल्व्हंटकडं जातं आणि सॉल्व्हंटमधून पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचं पाणी अचानक वाढतं. पंप थांबला की उलटं होतं. हेक्झेनची वाफ हवेहून जड, ती बेसिनच्या खड्ड्यात बसून राहते. वास आला की आसपासचं वेल्डिंग, ग्राइंडिंग त्याच क्षणी थांबवा, शिफ्ट इनचार्जला कळवा, आणि गॅस मीटरनं तपासल्याशिवाय कुणालाही खाली उतरवू नका. धुवायच्या दिवशीसुद्धा उतरण्याआधी मीटर लावायचाच.

धुणं संपलं की भरणी सुरू करा, पण पंपाच्या गाळणीचा पाना जवळच ठेवा. कितीही धुतलं तरी पहिल्या दिवशी गाळणी तीनदा भरते: तासाभरानं, जेवायच्या सुट्टीत आणि शिफ्ट बदलताना. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी रिकामी निघाली की ओला पारा घेऊन लूव्हरसमोर उभं राहायचं आणि वहीच्या नव्या पानावर धुतलेल्या टॉवरचा अप्रोच लाल पेनानं लिहायचा. यंदाचा ४.२ आला. गेल्या वर्षी ४ होता, त्यामुळं उत्तरेकडच्या कोपऱ्यातली नोझल पुन्हा उघडून बघणार आहे.